निळी रेघ जिथं वळली

जना गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबोलीच्या माझ्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून एका लोखंडवाल्या व्यापाऱ्याला खंबाटकीच्या घाटाची गोष्ट सांगत होतो. माझा एक ट्रक, वर सळ्यांचा माल, ब्रेक गेलेले, ड्रायव्हर गाढ झोपलेला, आणि ट्रक आपला आपण एकेक वळण घेत घाट उतरतोय... ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगतोय आणि दर वर्षी त्या घाटाला एखाद-दुसरं वळण वाढतं. फोन सुनंदावहिनींचा होता, कोपऱ्यावरच्या पीसीओवरून. "बापूभाऊजी, या. हे गेले," एवढंच म्हणाल्या. मी रिसीव्हर ठेवला आणि समोर बघून म्हणालो, "माझा मित्र गेला." व्यापाऱ्यानं चहाचा घोट घेतला, गालात हसला आणि म्हणाला, "बरं, मग? त्याच ट्रकमधी होता काय तो?"

त्या माणसाला मी दोष देत नाही. माझ्या तोंडून बाहेर पडलेलं वाक्य गोष्टीतलंच असणार, अशी सवय मीच सगळ्यांना लावून ठेवलीय. साताऱ्याहून एक पत्र्याची पेटी घेऊन मी इकडे आलो. आता सांगताना त्या पेटीला उचलायला चार हमाल लागतात. लोक ऐकतात, हसतात आणि घरी जाता जाता निम्मं वजा करतात. वजा न करता ऐकणारा एकच माणूस मला भेटला. तो वजाही करत नसे आणि खरंही धरत नसे. तो फक्त विचारायचा, "तू स्वतः पाहिलंस?"

जनार्दन तांडेल मूळचा करावे गावचा. बापाची होडी खाडीत, थोडी भातशेती. नवं शहर उभं राहिलं तशी शेतं गेली, मागोमाग खाडीतली मासळी पातळ झाली, भावांनी गावात चाळी बांधून भाडेकरू ठेवले. जना मात्र शिकत सुटला, प्राणिशास्त्रात डॉक्टर झाला, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत लागला आणि लग्न झाल्यावर नेरूळला आमच्या सोसायटीत, बरोबर माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर, राहायला आला. पहिली भेट सोसायटीच्या सत्यनारायणाला. हातात प्रसादाचा द्रोण आणि मी रंगात आलेलो. तळोज्याला डोंगरातून बिबट्या उतरला, पण चार कारखान्यांचा वास एकदम नाकात गेल्यावर पंजानं नाक दाबून उलट्या पावली पळाला, असं माझं चाललं होतं. सगळी सोसायटी हसत होती. कोपऱ्यातून एका काटकुळ्या, चष्मेवाल्या माणसानं विचारलं, "तुम्ही पाहिलात?"

"मी नाही, पण..."

"मग कोणी पाहिला?"

"जाऊ द्या हो साहेब, प्रसाद घ्या."

"प्रसाद घेतो. पण बिबट्या आला नाही, असं मी म्हणत नाही हां. तिथं बघायला कोणी नव्हतंच, तर आला नाही असं कसं म्हणणार? पण आला असंही मी लिहिणार नाही."

मला वाटलं, हा माणूस आपला धंदा बुडवणार. त्या दिवसापासून आमची दोस्ती झाली.

त्याचं काम नेमकं काय, हे मला समजायला पुष्कळ काळ गेला, आणि समजल्यावर मी ते चार लोकांना सांगितलं तर तीच माझी सगळ्यात मोठी थाप ठरली. नेरूळच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथं मे महिन्यात भिंतीला चिकटवलेला पापड भाजून खाली पडावा, तिथं बसून हा माणूस दक्षिण ध्रुवाभोवतीच्या समुद्रात साळिंदरं कुठं राहतात ते शोधत होता. समुद्री साळिंदर म्हणजे काट्यांचा एक गोळा. कदंबाच्या फुलाला भयंकर राग आला तर ते जसं दिसेल, तसा. समुद्राच्या तळाला, बर्फाखालच्या काळोखात, मुंगीलाही कंटाळा येईल अशा चालीनं सरकतो आणि मिळेल ते खातो. आपल्याकडून तिकडे जहाजं मोहिमेवर जायची, जाळं तळापर्यंत सोडायची, वर येईल ते बाटल्यांत भरून आणायची. त्यातल्या काट्यांच्या बाटल्या जनाच्या टेबलावर यायच्या.

त्याची आई करावे गावात धाकट्या मुलाकडे राहायची आणि जनासाठी कोलंबीचं कालवण डब्यात घालून अधूनमधून चालत यायची. जिना चढता चढता आधी माझ्या दारात टेकायची. "मना सांग बापू, त्या बरफान कोन रेतं?" मी सांगायचो, "आई, भोपळ्याएवढं एकेक साळिंदर. प्रत्येक काट्यावर लोकरीची टोपी. थंडी वाजली की एकमेकांना बिलगतात, बिलगली की टोचतं, टोचलं की भांडतात." म्हातारी पदर तोंडाला लावून हसायची. "आनि आमचा जना त्यांची भांडनं सोडवाला जानार?" वरून जनाचा आवाज यायचा, "आये, त्याचं ऐकू नकोस. वर ये."

वरच्या खोलीत भिंतीवर एक नकाशा होता. दाराएवढा पांढरा कागद, मधोमध बर्फाचा खंड, भोवती समुद्र. जिथं साळिंदर मिळालं तिथं काळी फुली. जिथं जाळं टाकलं पण साळिंदर आलं नाही, तिथं पोकळ गोल. जिथं कोणी जाळं टाकलंच नाही, तिथं काही नाही, नुसता कागद. आणि जहाज ज्या वाटेनं गेलं ती वाट निळ्या पेन्सिलीनं. एखाद्या मोहिमेची वाट कळली की ती त्याच दिवशी नकाशावर चढली पाहिजे, मग घरात ताप असो नाहीतर पाहुणे. माझ्या धाकटीच्या बारशाला हा गृहस्थ नाव ठेवून झाल्यावर उगवला. बोटं निळी होती.

सगळा समुद्र चाळणं कोणाला शक्य नाही. म्हणून जिथं साळिंदर मिळालं तिथं पाणी किती खोल, किती गार, वर बर्फ किती काळ टिकतो, तळाला चिखल आहे की दगड, हे सगळं कॉम्प्युटरला सांगायचं. मग बाकीच्या समुद्रात तसंच घर कुठं आहे ते कॉम्प्युटरनं शोधायचं आणि राहण्याजोगी जागा लाल रंगवून दाखवायची. "म्हणजे भाड्यानं खोली शोधणारा दलाल," मी म्हणालो. "अगदी तसंच," जना म्हणाला, "फक्त भाडेकरूला काही विचारता येत नाही." सेकंड हॅण्ड कॉम्प्युटर माझ्याच टेम्पोतून आला होता. घरातला टेबलफॅन त्याला लावलेला असायचा आणि आम्ही पुठ्ठ्यानं वारा घ्यायचो.

पहिला रंगीत नकाशा निघाला तेव्हा संस्थेत त्याची पाठ थोपटली गेली. मी अख्ख्या कळंबोलीला सांगून टाकलं की माझ्या वरच्या मजल्यावरच्या माणसानं ध्रुव पालथा घातला. काही महिन्यांनी एका रविवारी चहाला वर गेलो तर हा भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलेला. चहा गार झालेला, वर साय धरलेली.

"बापू, हे लाल डाग बघ. आता ह्या निळ्या रेघा बघ."

मी बघितलं. कॉम्प्युटरचे लाल डाग त्यानं पेन्सिलीनं भिंतीवरच्या नकाशावर उतरवले होते आणि दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे ते त्या रेघांवर बसले होते. "छान जुळलंय की," मी म्हणालो.

"तेच तर. साळिंदरं कुठं राहतात ते मी काढलंच नाही रे. जहाजं कुठं थांबतात ते काढलं. जिथं बर्फ पातळ, जिथं कप्तानाची सोय, तिथं जाळी पडली. कॉम्प्युटरला वाटलं साळिंदराला तीच जागा आवडते." मग चहावरची साय बोटानं बाजूला करत म्हणाला, "कोऱ्या कागदाला मी 'नाही' समजलो. मी. तुला बिबट्यावरून झापणारा."

शेजारच्या टेबलावरचा सावंत नावाचा सहकारी त्याला म्हणाला होता, "तांडेल, कोणाच्या लक्षात आलंय का? मग गप राहा." जना गप राहिला नाही. आपला नकाशा चुकलाय, असं त्यानं स्वतः उभं राहून सांगितलं, आणि पाठ थोपटणारे हात दुसऱ्या पाठीकडे वळले. वहिनी तेव्हा मला म्हणाल्या, "यांना जरा तुमच्यासारखं खोटं बोलायला शिकवा." त्या हसत नव्हत्या.

पुढची वर्षं त्यानं पोकळ गोल गोळा करण्यात घातली. कुठल्या कुठल्या देशांच्या जुन्या मोहिमांची टिपणं मागवायची. त्यांची जाळी कुठं पडली, काय आलं, आणि मुख्य म्हणजे काय आलं नाही, ते शोधायचं. जगात लोक मिळालेल्या गोष्टी लिहून ठेवतात. न मिळालेल्या लिहिणारा विरळा. नकाशा हळूहळू गोलांनी भरला, देवीच्या व्रणांसारखा. मग त्यानं सगळं गणित पुन्हा मांडलं. या वेळी लाल डाग निळ्या रेघा सोडून इकडे तिकडे पांगले, आणि त्यातला एक, सगळ्यात गडद, बर्फाच्या एका कड्यासमोर जाऊन बसला. तिथं ना फुली, ना गोल, ना कुठली रेघ. कोणीच कधी गेलं नव्हतं.

"तिथं असतील?" मी विचारलं.

"गणित म्हणतं, असायला पाहिजेत. पण गणितानं पाहिलेलं नाही. एकदा जाळं टाकलं पाहिजे. फुली निघो नाहीतर गोल निघो, बापू, मला तिथं काहीतरी काढायचंय." एरवी हा माणूस दुकानात शर्टसुद्धा हट्टानं मागत नसे.

मोहिमेसाठी त्यानं नाव दिलं. त्याच्याकडे फोन नव्हता, नंबर लागायला वर्षं जायची, म्हणून संस्थेत माझ्या ऑफिसचा नंबर दिलेला. तो गावच्या जत्रेसाठी रजेवर असताना निवडीचा निरोप माझ्याकडे आला. मी साताऱ्याचे कंदी पेढे घेतले, पुडा पाठीमागे धरला, मयताला आल्यासारखा चेहरा केला आणि करावे गावात त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. "जना, नाव नाही रे तुझं." त्याचा चेहरा इतका पडला की मला पुढचं नाटक जमेना. पुडा पुढं केला. त्याच्या आईनं मला लाटणं फेकून मारलं आणि मग पेढा भरवला. तेव्हापासून आमचा नियमच झाला. मी तोंड पाडून आलो की जना आधी माझ्या पाठीमागे डोकवायचा.

जाण्याआधी सगळ्यांची वैद्यकीय तपासणी असते. तिथं छातीचा फोटो काढला. डावीकडे डाग होता, लिंबाएवढा.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून विचारलं, "आधी काही नव्हतं?" मी शेजारीच बसलो होतो. जना म्हणाला, "नव्हतं असं म्हणू नका, डॉक्टर. पाहिलं नव्हतं म्हणा." डॉक्टरांना वाटलं पेशंट चिडलाय. तो चिडला नव्हता. तो नेमकं बोलत होता.

त्याच्या जागी सावंत गेला. होय, तोच सावंत, गप राहा म्हणणारा. निघण्याआधी घरी आला आणि नकाशासमोर उभा राहून म्हणाला, "तांडेल, ती जागा मला नीट दाखव. मी टाकतो जाळं." जनानं त्याला सगळी दुपार समजावलं, किती खोल, जाळं किती वेळ ओढायचं, काही न आलं तरी ते कसं लिहायचं. बोलताना मध्ये मध्ये जनाला खोकला यायचा, तो थांबेपर्यंत सावंत खिडकीबाहेर बघत राहायचा.

मग ते महिने. त्यांच्याबद्दल मला वाढवून सांगता येत नाही, कारण ते आधीच माझ्या मापापेक्षा मोठे होते. मी त्याला जीपमधून इस्पितळात न्यायचो. खाडीपुलावर पोचलो की तो काच खाली करून वास घ्यायचा. पुढं पुढं काच खाली करायचंही बळ राहिलं नाही, मी करायचो. केस गेले, भुवया गेल्या. एकदा आरशात बघून म्हणाला, "काटे झडलेलं साळिंदर असंच दिसतं. गुळगुळीत." आईच्या कालवणाचा वास सहन होईना, तर म्हातारी डबा माझ्याकडे ठेवायची आणि वर जाऊन रिकाम्या हातानं त्याच्या उशाशी बसायची. शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. का सांगितलं, ते आम्हाला कळलं आणि त्यालाही कळलं. त्यानं कॉट नकाशाच्या भिंतीला लावून घेतली. रोज एकच प्रश्न असायचा. "फोन?"

फोन आला एका दुपारी, फेब्रुवारीत. संस्थेतल्या बाईंनी जहाजाचा संदेश वाचून दाखवला. बर्फ फार दाट, वाट मिळाली नाही, सावंतनं कप्तानाशी भांडण करून आणखी दोन दिवस थांबायला लावलं, तरी जमलं नाही. जहाज वळलं. कुठून वळलं त्याचे अक्षांश-रेखांश बाईंनी सांगितले. समोर कागद दिसेना, मी ते तळहातावर लिहून घेतले. टेबलावर पडलेल्या मालाच्या पावत्या मला तेव्हा दिसल्याच नाहीत. जीप चालवत नेरूळला येईपर्यंत मी सात गोष्टी रचल्या. जाळंभर साळिंदरं, जहाजाच्या डेकवर ढीग, सावंतच्या बुटात काटा... एकाहून एक सरस. खोटं बोलायचं तर ह्याच दिवसासाठी मी आयुष्यभर रियाज केला होता.

दारातून आत गेलो. तो उशीला टेकून बसला होता. डोळे तेवढे त्याचे राहिले होते, बाकी सगळं दुसऱ्याचं. आणि मी रचलेल्या सातपैकी एकही गोष्ट जिभेवर येईना. ज्याला एका थापेत आपली चूक लपवता आली असती आणि तरी ज्यानं ती लपवली नाही, त्या माणसापुढं कशी येणार. मी म्हणालो, "जना, नाही पोचले. बर्फ होता. जाळं टाकलंच नाही."

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग मान कलती करून माझ्या पाठीमागे बघायचा प्रयत्न केला.

"पेढे कुठंयत?"

"पेढे नाहीत रे." मी दोन्ही हात पुढं केले. तळहातावर निळी शाई होती. मी ते आकडे वाचून दाखवले.

"आकडेसुद्धा बनवून आणलेस," तो म्हणाला. श्वास जड होता, तरी हसत होता. "सुधारलास, बापू. उद्या पेढे घेऊन ये, मग ऐकतो."

मी पुन्हा तोंड उघडलं. वहिनी त्याच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, नको. मी जिना उतरून खाली आलो. दोन-चार दिवसांनी वहिनींचा तो पीसीओवरचा फोन आला.

खाडीकाठच्या करावे गावच्या स्मशानात मी लाकडांच्या धुरात उभा होतो आणि मनात एकच गोष्ट धरून होतो. आयुष्यात एकदा खरं बोललो, तेच त्यानं थाप समजून घेतलं. तिथं जाळं पडलं, फुली निघाली, असं समजून तो गेला. माझ्या थापांचा एवढा तरी उपयोग झाला. हे मी घरी बायकोला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, सांगता सांगता जनाचं हसू जरा मोठं होत गेलं. कित्येक आठवडे मी त्याच्यावर जगलो.

परवा वहिनींनी वर बोलावलं. खोली रिकामी करायची होती, कॉम्प्युटर संस्थेत द्यायचा होता. त्याची आईही आली होती. कॉट काढल्यामुळे नकाशा जमिनीपर्यंत मोकळा दिसत होता, आणि त्याच्यावर एक नवी निळी रेघ होती. हात थरथरल्यामुळे ती करवतीसारखी झाली होती, पण कुठून निघाली, कुठं चालली, ते स्पष्ट होतं. ती त्या लाल डागाच्या दिशेनं जात होती. डागाच्या अलीकडे, करंगळीएवढं अंतर ठेवून, ती थांबली होती आणि मागे वळली होती.

"ही कधी काढली?" मी विचारलं.

"तुम्ही आकडे सांगून खाली गेलात ना, त्याच संध्याकाळी," वहिनी म्हणाल्या. "नकाशा काढून मांडीवर दे म्हणाले. मी पाठीला उशी लावून धरलं होतं. तुमचे आकडे स्वतःशी म्हणत होते. मी विचारलं, मग बापूभाऊजींना खोटं का पाडलंत? तर म्हणाले, त्याच्यानं बघवत नव्हतं गं. मला ती थाप वाटली असं समजून हसत घरी जाऊ दे त्याला."

मी वाकून जवळून पाहिलं. डागाच्या जागी ना फुली होती, ना गोल. त्याच्या हातात पेन्सिल होती, जीव जायला टेकला होता, तरी तेवढी जागा त्यानं कोरी ठेवली होती.

म्हातारी उठून जवळ आली. डोळ्यांनी अधू झालीय, बोटानं कागद चाचपत होती. रेघेवरून बोट फिरवत ती वळणापाशी आली, पुढं सरकली आणि त्या कोऱ्या जागेवर थांबली.

"बापू, हितं काय हाय रं?"

भोपळ्याएवढी साळिंदरं होती माझ्याकडे, लोकरीच्या टोप्या होत्या... म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती.

"माहीत नाही, आई," मी म्हणालो. "तिथं अजून कोणी गेलेलं नाही."